लैंगिक व लिंगभाव अल्पसंख्याकांचे मानसिक आरोग्य आणि मानसशास्त्राचे पदव्युत्तर प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

१९३४ साली मुंबईत एक खटला चालला. 'समाजस्वास्थ्य' या मासिकात र. धों. कर्वे यांनी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील असल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला होता. या प्रश्नांमध्ये हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीचेही प्रश्न होते. कर्वे यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. निकाल कर्वे यांच्या विरोधात गेला आणि त्यांना दंड झाला. या घटनेचा उल्लेख बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संदर्भात केला जातो. परंतु तिला आणखी एक बाजू आहे. गणिताचे प्राध्यापक राहिलेल्या एका गृहस्थांना लोक पत्राने हे प्रश्न विचारत होते. कारण ज्याच्यासमोर बसून असा प्रश्न विचारता येईल असा प्रशिक्षित मनुष्य त्यांच्या आसपास नव्हता.

त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षे उलटली. समलैंगिकता हा आजार नाही हे आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते, भारतातील मानसोपचारतज्ज्ञांची संघटना म्हणते आणि सर्वोच्च न्यायालयही म्हणते. तथापि, प्रशिक्षित मनुष्य कोठे आहे हा प्रश्न जुनाच राहिला आहे. मानसशास्त्र विषयात एम.ए. करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या मानसिक आरोग्याचे काम करण्याचे ठरविले, तर त्याने हे शिक्षण कोठे घ्यावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, चुकीचे वाक्य पाठ्यपुस्तकातून वगळणे म्हणजेच प्रशिक्षण देणे असा एक समज आपल्या उच्च शिक्षणात रूढ झाला आहे. प्रत्यक्षात वगळलेल्या वाक्याच्या जागी काहीही आलेले नाही, आणि या रिकाम्या जागेची किंमत अखेरीस सल्लार्थीला मोजावी लागते.

विकाराच्या यादीतून बाहेर

या विषयाचा इतिहास मानसशास्त्राच्या अध्यापकांना सामान्यतः ठाऊक असतो. तरी त्यातील काही टप्पे येथे नोंदविणे आवश्यक आहे. १९५७ साली एव्हलिन हूकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ महिलेने ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांना प्रक्षेपण चाचण्या दिल्या व त्यांचे प्रतिसाद नाव-ओळख काढून नामवंत तज्ज्ञांसमोर ठेवले. कोणता प्रतिसाद कोणत्या गटातील आहे हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. उपचारासाठी न आलेल्या व्यक्तींचा नमुना निवडणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होते. त्यापूर्वीचे बहुतेक निष्कर्ष रुग्णालयातील किंवा तुरुंगातील व्यक्तींवरून काढलेले होते.

डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली. मात्र ही माघार एका दमात झाली नाही. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत 'अहं-विसंगत समलैंगिकता' या नावाने ती मागील दाराने परत आली आणि १९८७ मध्ये पुन्हा वगळली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये दहाव्या वर्गीकरणात समलैंगिकतेला विकार मानणे सोडले, पण 'अहं-विसंगत लैंगिक कल' हे निदान ठेवले. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात हे निदानही गेले, आणि लिंगभाव-विसंगती ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवण्यात आली.

भारतातील व्यवहार या कालक्रमाच्या बराच मागे राहिला. १९७९ आणि १९८२ मध्ये येथील मानसोपचाराच्या नियतकालिकात समलैंगिकतेवरील वर्तनोपचारांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १९८२ चा निबंध मुंबईतील होता. म्हणजे अमेरिकेतील निर्णयानंतर अनेक वर्षांनीही येथे 'उपचार' हा शास्त्रीय संशोधनाचा विषय होता. केतकी रानडे यांनी पश्चिम भारतात पुरुषांमधील समलैंगिकतेला वैद्यकीय क्षेत्र कसा प्रतिसाद देते याचा अभ्यास केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा विषय लैंगिक कल बदलण्याचे उपचार हाच होता. याचा अर्थ असा की यादी बदलल्याने व्यवहार बदलत नाही. व्यवहार बदलतो तो शिकविण्याने.

पाठ्यपुस्तकातील जागा

आपल्या विभागांत अपसामान्य मानसशास्त्रासाठी कार्सन, बुचर व मिनेका यांचे किंवा बार्लो व ड्युरंड यांचे पुस्तक दीर्घकाळ वापरले जात आहे. या पुस्तकांविषयी तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. समलैंगिकता हा विकार नाही हे त्यांत स्पष्टपणे सांगितलेले असते. प्रश्न पुस्तकातील मजकुराचा नसून जागेचा आहे. बार्लो व ड्युरंड यांच्या प्रकरणाचे शीर्षकच लैंगिक दुष्क्रिया, अपरतिविकार आणि लिंगभाव-अस्वास्थ्य यांना एकत्र आणते. अपसामान्यतेचे पुस्तक म्हणून ही मांडणी समजण्यासारखी आहे. परंतु ज्या अभ्यासक्रमात लैंगिकतेचा विचार एवढ्या एकाच प्रकरणात होतो, तेथे तिचा परिणाम वेगळा होतो. पारलिंगी व्यक्ती विद्यार्थ्याला भेटते ती केवळ निदानाच्या रूपात. आणि समलिंगी व्यक्ती भेटतच नाही, कारण तिच्यासाठी आता निदान उरलेले नाही. जी विकारांच्या यादीतून सुटली ती अभ्यासक्रमातूनही सुटली.

ज्या देशात ही पुस्तके लिहिली गेली तेथे ती एकटी नसतात, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९७५ मध्येच समलैंगिकतेला चिकटविलेला विकाराचा कलंक दूर करण्यात मानसशास्त्रज्ञांनी पुढाकार घ्यावा असा ठराव केला. १९८५ मध्ये या विषयासाठी संघटनेचा स्वतंत्र ४४ वा विभाग स्थापन झाला. समलिंगी व उभयलिंगी सल्लार्थींबरोबरच्या मानसोपचाराची मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्ये, पारलिंगी व्यक्तींसंबंधीची तत्त्वे २०१५ मध्ये आणि पहिल्या तत्त्वांची नवी आवृत्ती २०२१ मध्ये आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, व्यावसायिक मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमांना मान्यता देताना वैयक्तिक व सांस्कृतिक विविधतेची जाण ही एक अनिवार्य क्षमता मानली जाते. आपण पाठ्यपुस्तक आयात केले. त्याच्याभोवतीची ही चौकट आयात केली नाही, आणि येथे तशी उभीही केली नाही.

ही चौकट तेथेही निर्विवाद नाही. २००९ मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या धर्मश्रद्धेचे कारण देऊन एका समलिंगी सल्लार्थीला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावे अशी विनंती केली. विभागाने तिला अभ्यासक्रमातून काढून टाकले. ती न्यायालयात गेली. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तिचा दावा फेटाळणारा खालच्या न्यायालयाचा निर्णय रद्द केला आणि त्याच वर्षी तडजोडीने प्रकरण मिटले. या वादात कोणाची बाजू योग्य हा येथील मुद्दा नाही. असा वाद उद्भवू शकला याचे कारण तेथील विद्यार्थिनीला शिक्षणाच्या काळातच, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, समलिंगी सल्लार्थीसमोर बसण्याची वेळ आली. आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांवर ही वेळ पदवी मिळाल्यानंतर येते. तेव्हा खोलीत पर्यवेक्षक नसतो आणि विद्यार्थ्याच्या संकोचाची किंवा पूर्वग्रहाची नोंद घेणारेही कोणी नसते.

न्यायालये, नियामक संस्था आणि मानसशास्त्र

गेल्या काही वर्षांत भारतातील कायद्याने या विषयात मोठी मजल मारली. १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी जुळत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरविता येणार नाही असेही हा कायदा सांगतो.

शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत उल्लेखनीय निकाल मद्रास उच्च न्यायालयाचा आहे. घरच्यांच्या विरोधामुळे संरक्षण मागणाऱ्या दोन तरुणींच्या याचिकेवर ७ जून २०२१ रोजी न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी निर्णय दिला. तो देण्यापूर्वी त्यांनी या विषयाचे आपले अज्ञान मान्य करून एका मानसशास्त्रज्ञाकडून तो समजून घेतला. लैंगिक कल 'बरा' करण्याच्या प्रयत्नांना या निकालाने मनाई केली आणि वैद्यकीय शिक्षणातील मजकुराचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पाठ्यपुस्तकांतील अवमानकारक मजकुराबाबत सूचना काढली आणि २०२२ मध्ये कल बदलण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य वैद्यकीय परिषदांना कळविले.

पण वगळलेले वाक्य किती सहज परत येऊ शकते हे दोनच वर्षांत दिसले. ऑगस्ट २०२४ अखेरीस आयोगाने न्यायवैद्यकशास्त्राचा जो सुधारित अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात स्त्रियांमधील समलैंगिकतेचा उल्लेख पुन्हा अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांत करण्यात आला होता. टीका झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घेण्यात आला. हा प्रकार केवळ कार्यालयीन अनवधानाचा नव्हे. जेथे विषय शिकविला जात नाही तेथे जुना मजकूर काढून टाकल्याची स्मृतीही टिकत नाही.

मानसशास्त्राच्या अध्यापकांसाठी यापुढील गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वरील सर्व आदेश डॉक्टरांना उद्देशून आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. विद्यापीठांतील एम.ए. अभ्यासक्रम अभ्यास मंडळे ठरवितात. एम.ए. नंतर समुपदेशन करणाऱ्या असंख्य पदवीधरांवर तर दीर्घकाळ कोणत्याही वैधानिक परिषदेचे नियंत्रण नव्हते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगासंबंधीच्या कायद्याने ते प्रथमच आयोगाच्या कक्षेत आले. वैद्यकीय आयोगाचा आदेश या व्यवसायाला लागू होत नाही, आणि त्याच्या तोडीचा आदेश कोणी काढावा याचे उत्तर तीन संस्थांमध्ये विखुरलेले आहे. परिणामी, मनाशी सर्वाधिक वेळ बोलणारा व्यवसाय या सुधारणेच्या कडेला राहिला.

प्रशिक्षण म्हणजे नेमके काय

'उत्तम समुपदेशक सर्वांना समान वागवितो. त्यामुळे वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही,' हा युक्तिवाद विभागांच्या बैठकांत नेहमी ऐकू येतो. तो सद्भावनेचा आहे, पण मानसशास्त्राच्याच कसोटीवर तो टिकत नाही. १९६९ मध्ये लोरेन व जीन चॅपमन यांनी केलेला भ्रामक सहसंबंधाचा अभ्यास आपल्या वर्गांत शिकविला जातो. मात्र त्याचा विषय काय होता हे क्वचितच सांगितले जाते. रोर्शाक चाचणीतील कोणते प्रतिसाद समलैंगिकता दर्शवितात असे अनुभवी चिकित्सकांना विचारले असता, त्यांनी प्रामुख्याने अशी लक्षणे सांगितली की जी संशोधनात सपशेल निराधार ठरली होती. नंतर मानसशास्त्राचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यांना यादृच्छिक पद्धतीने जोडलेले प्रतिसाद व लक्षणे दाखविली, तेव्हा त्यांनाही तीच निराधार लक्षणे 'दिसली'. म्हणजेच तज्ज्ञाची नजर आणि सामान्य माणसाचा पूर्वग्रह यांत या विषयापुरता फरक नव्हता. तज्ज्ञाजवळ अधिक होता तो फक्त अधिकार. विशेष प्रशिक्षणाची गरज सिद्ध करणारा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण आहे.

अशा प्रशिक्षणाचे तीन स्तर मानता येतील. पहिला स्तर ज्ञानाचा. इलान मायर यांनी २००३ मध्ये मांडलेले अल्पसंख्याक ताणाचे प्रतिमान येथे पायाभूत आहे. या गटांत नैराश्य व चिंता अधिक का आढळते, याचे उत्तर ते व्यक्तीच्या कलात न शोधता तिच्या परिस्थितीत शोधते. प्रत्यक्ष भेदभावाच्या घटना, नाकारले जाण्याची सततची अपेक्षा, स्वतःला लपविण्याचा खटाटोप आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच्याच मनात मुरणे, अशी या ताणाची साखळी आहे. आणि समुदायाचा आधार हा तिच्यावरील उतारा आहे. हे प्रतिमान ठाऊक नसलेला समुपदेशक नैराश्याचे कारण सल्लार्थीच्या कलात शोधेल आणि नकळत जुन्याच मार्गाला लागेल.

दुसरा स्तर आत्मपरीक्षणाचा. लेखी परीक्षेत 'समलैंगिकता नैसर्गिक आहे' असे लिहून पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी नोंदपत्रकावर 'वैवाहिक स्थिती' विचारताना समोरच्या तरुणीला मित्राविषयी प्रश्न विचारतो. त्या एका प्रश्नाने सल्लार्थी काय लपवायचे ते ठरविते. ही चूक ज्ञानाच्या अभावाची नसून गृहीतकाची आहे, आणि ती पर्यवेक्षणात संभाषण पुन्हा वाचल्याशिवाय दिसत नाही.

तिसरा स्तर भारतीय परिस्थितीचा. येथे परदेशी पुस्तके अपुरी पडतात. आपल्याकडे सल्लार्थी अनेकदा एकटा येत नाही. त्याला आईवडील घेऊन येतात, शुल्कही तेच देतात आणि 'लग्न लावून दिले तर सुधारेल ना?' हा प्रश्नही तेच विचारतात. येथे सल्लार्थी कोण, गोपनीयता कोणाची आणि आईवडिलांच्या भयाला समजून घेतानाही खोटे आश्वासन कसे टाळावे, हे शिकविण्याचे विषय आहेत. सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या संबंधाविषयी सांगितले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील माहिती देण्याचे बंधन उभे राहते; त्याची कल्पना समुपदेशकाला संभाषण सुरू होण्यापूर्वीच द्यावी लागते. हिजडा समुदायातील गुरू-चेला नाते किंवा जोगत्यांची धार्मिक ओळख समजून न घेता केवळ 'पारलिंगी' हा शब्द वापरल्यास सल्लार्थीचे अर्धे जग बाहेर राहते. भाषेचा प्रश्नही यातच येतो. विद्यार्थी हा विषय शिकलाच तर इंग्रजीतून शिकतो. सल्लार्थी मराठीतून बोलतो. त्याच्या आठवणीत या विषयाचे मराठी शब्द बहुतांशी शिव्यांच्या रूपात साठलेले असतात. सन्मानाने बोलता येईल अशी मराठी समुपदेशकाला अवगत असणे हे उपचाराचेच अंग आहे. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्टची स्थापना करणारे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीतून केलेले लेखन या दृष्टीने विभागीय ग्रंथालयांत असावयास हवे.

विद्यापीठाबाहेर उभे राहिलेले शिक्षण

विद्यापीठांनी मोकळी सोडलेली जागा इतरांनी भरून काढली. १९९४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांनी एच.आय.व्ही. प्रतिबंधाच्या कामातून समुपदेशनाची गरज प्रथम ओळखली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'सक्षम' प्रकल्पातून २०१३ मध्ये समलिंगी व्यक्तींना पूरक अशा समुपदेशनाची प्रशिक्षण-पुस्तिका तयार झाली. पुढे मुंबईतील मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी याच विषयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. त्याची आखणी व अध्यापन या समुदायातीलच व्यावसायिकांनी केले, ही त्याची विशेषता आहे. या अनुभवातून २०२२ मध्ये भारतीय समुपदेशकांसाठी संदर्भग्रंथही सिद्ध झाला. केतकी रानडे यांचा शहरी भारतातील समलिंगी व्यक्तींच्या जडणघडणीवरील ग्रंथ २०१८ मध्ये आला. म्हणजे शिकविण्याजोगे साहित्य नाही, ही सबब आता उरलेली नाही.

या उपक्रमांचे मोल मान्य करूनही त्यांच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. काही दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दोन वर्षांच्या पर्यवेक्षित शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही, आणि तसा त्याचा दावाही नसतो. शिवाय त्याकडे वळतो तो आधीच आस्था असलेला विद्यार्थी. ज्याच्या मनात पूर्वग्रह आहे, त्याला हे शिक्षण कधीच गाठत नाही. आणि सल्लार्थीला अपाय होण्याची शक्यता त्याच्याकडूनच अधिक असते. ऐच्छिक शिक्षणाचा हा मूळ दोष आहे. भिंतीवर दोघांच्याही पदव्या सारख्याच चौकटीत टांगलेल्या असतात. त्यांतील फरक सल्लार्थीला कळण्याचा मार्ग नसतो.

काही आक्षेप

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, हा पहिला आक्षेप. त्यावर उत्तर असे की नवीन पेपरची मागणी येथे केलेली नाही. विकासात्मक मानसशास्त्रात पौगंडावस्था शिकविताना, समुपदेशन कौशल्यात पहिल्या भेटीची नोंद शिकविताना, सामाजिक मानसशास्त्रात पूर्वग्रह शिकविताना आणि मापनात चाचण्यांचा इतिहास शिकविताना हा विषय त्या त्या ठिकाणी येऊ शकतो. एम.एम.पी.आय. चाचणीच्या पाचव्या मापनश्रेणीचा उगम समलिंगी पुरुषांना ओळखण्याच्या उद्देशात होता, हे चाचणी शिकविताना सांगण्यास पाच मिनिटे पुरतात.

असे सल्लार्थी फार थोडे असतात, हा दुसरा आक्षेप. जो प्रश्न विचारला जात नाही त्याचे उत्तर नोंदविले जात नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. तिसरा आक्षेप अध्यापकांच्या तयारीचा असून तो सर्वांत प्रामाणिक आहे. सध्याच्या बहुतेक अध्यापकांना हे कोणी शिकविलेले नाही. परंतु आपले अज्ञान मान्य करून उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिकू शकतात, तर ज्यांचा व्यवसायच शिकणे-शिकविणे आहे त्यांना तसे करण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट आक्षेपाच्या रूपात पुढे येत नाही, कारण ती बोलली जात नाही. वर्गातील काही विद्यार्थी स्वतः या समुदायांतील असतात. अपसामान्य मानसशास्त्राच्या तासाला 'ते' आणि 'त्यांचे प्रश्न' या भाषेत स्वतःविषयी ऐकत ते बसलेले असतात. उद्या याच विद्यार्थ्यांमधून या क्षेत्रातील सर्वांत जाणते समुपदेशक घडू शकतात. ते पुढे येतील की विषयच सोडून देतील, हे त्या तासाला अध्यापक काय बोलतो यावर बरेच अवलंबून असते.

समारोप

सध्याचा काळ या बदलास अनुकूल आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.फिल. पदवी बंद होत असताना चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या एम.फिल. ला प्रवेशासाठी २०२५-२६ पर्यंत मुदत देण्यात आली. त्यानंतरच्या प्रशिक्षणाची रचना नव्याने करावी लागणार आहे. महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून कार्यप्रशिक्षणाचा समावेश झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्राचा दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करताना या विषयाला आरोग्यसेवेच्या व्यवसायांत गणले. आरोग्याचा व्यवसाय म्हटले की कोणाचे आरोग्य हा प्रश्न टाळता येत नाही.

हे शिक्षण शोधणाऱ्या विद्यार्थ्याने विभागाची निवड करताना केवळ अभ्यासक्रमपत्रिका पाहू नये. या विषयावर काम करणारा मार्गदर्शक विभागात आहे काय. कार्यप्रशिक्षणासाठी या समुदायांबरोबर काम करणाऱ्या संस्थेशी करार आहे काय. संभाषणांचे पर्यवेक्षण प्रत्यक्ष होते की वहीवर सही होते. लैंगिक कल बदलण्याचे उपचार करणार नाही अशी विभागाची लेखी भूमिका आहे काय. आणि समुदायातील विद्यार्थ्याला तेथे निर्भयपणे वावरता येते काय, हे प्रश्न त्याने विचारावेत. यांतील एकाही प्रश्नासाठी नवीन अनुदान, नवीन पद किंवा विद्यापीठाची परवानगी लागत नाही. विभागाच्या पुढील बैठकीत त्यांची उत्तरे लिहून काढता येतील.

कर्वे यांना पत्र लिहिणाऱ्या वाचकाला मासिकाच्या पानावर का होईना, पण उत्तर मिळाले. आणि त्याबद्दल उत्तर देणाऱ्याला दंड झाला. आजच्या सल्लार्थीला उत्तर देण्यास कायद्याची आडकाठी नाही. उत्तर देणारा तयार करण्याची जबाबदारी मात्र आता न्यायालयाची नाही. ती अभ्यास मंडळांची आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या अध्यापकांची आहे.